मागच्या फाटकावरचा मुका वॉकीटॉकी

"गंगव्वा अक्का झोपल्या नव्हत्या, अप्पा," शौर्य पुन्हा म्हणाला. "आम्ही तिथंच खेळत होतो. झाडावर अडकलेलं शटल त्यांनीच काढून दिलं."

त्याचे अप्पा, रविकिरण, म्हणजे सर्जापूर रोडवरच्या त्या सोसायटीचे सेक्रेटरी. मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नकोस, एवढं बोलून त्यांनी पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं. दसऱ्याच्या सुट्टीत बनशंकरीहून आलेली आतेबहीण आश्लेषा दारात उभी होती. तिला मामांचा भयंकर राग आला.

राग यावा असंच घडलं होतं. आदल्या दुपारी सोसायटीतल्या नरसिंहराव आजोबांच्या छातीत दुखू लागलं. पुढच्या फाटकात पाण्याचा टँकर अडकलेला. तिथल्या वॉचमनने वॉकीटॉकीवरून मागच्या फाटकावर पहाऱ्याला असलेल्या गंगव्वांना हाका मारल्या, कुलूप काढा, अँब्युलन्स आलीय. उत्तर नाही. शेवटी कुणीतरी धावत गेलं, तोवर अँब्युलन्स बाहेर ताटकळली. आजोबा थोडक्यात वाचले. संध्याकाळी मामांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहून टाकलं की मागच्या फाटकावरची बाई झोपली होती, तिला काढतोय. विचारपूस शून्य. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

दोघं मागच्या फाटकावर गेले. गंगव्वांचा तो कामाचा शेवटचा दिवस होता.

"आवाजच आला नाही, कंदा, बाळा," त्या आश्लेषाला कन्नडमध्ये म्हणाल्या. "स्वल्पसुद्धा नाही."

वॉकीटॉकीचा दिवा चालू होता, बॅटरी भरलेली होती. त्याला एक वेटोळ्याची पारदर्शक तार जोडली होती आणि तिचं कानात घालायचं बोंड कॉलरवर लोंबत होतं. ही मामांची हौस. आठवड्यापूर्वीच स्वस्तातले वॉकीटॉकी घेतले, पण वॉचमन मंत्र्याच्या अंगरक्षकासारखे दिसायला हवेत म्हणून सगळ्यांना तारा मागवल्या. गणवेशावर तार दिसलीच पाहिजे, असा नियमही केला. बोंड घातलं की कान ठणके आणि समोरचं माणूस काय म्हणतंय ते कळेना. म्हणून सगळ्यांनी अर्धा नियम पाळला. तार जोडलेली, बोंड गळ्यात.

"शौर्य, पुढच्या फाटकावरून बोल," आश्लेषा म्हणाली.

तो धावला. इकडे काहीच ऐकू येईना. तिने बोंड कानाशी नेलं, तर आत डासाएवढा आवाज गुणगुणत होता. तिने तारेची पिन उपटली आणि शौर्यचा आवाज फाटकभर दणाणला. तार जोडली की वॉकीटॉकीचा स्वतःचा स्पीकर बंद होतो, हे कुणी तपासूनच पाहिलं नव्हतं. 

संध्याकाळच्या मीटिंगमध्ये दोघांनी तेच सगळ्यांसमोर करून दाखवलं. मग काय घ्यावं, असं कुणीतरी विचारलं.

"लांब अँटेना नको, रंगीत कव्हरं नकोत," आश्लेषा म्हणाली. "खांद्याला लावायचा स्पीकरवाला माइक घ्या. कान मोकळे राहतात आणि हाक ऐकू येते. आणि जादा बॅटऱ्या घ्या."

टाळ्या पडल्या. मामांनी भाचीची पाठ थोपटली आणि 'आपण' यंत्रातला दोष कसा शोधला, ते सगळ्यांना ऐकवलं. गंगव्वांचं नावही त्यांनी घेतलं नाही.

"अप्पा, ग्रुपवर लिहा ना, अक्का जाग्या होत्या म्हणून," शौर्य सगळ्यांदेखत म्हणाला.

"घरी बोलू."

घरी त्यांनी तो विषयच काढला नाही.

सकाळी मागच्या फाटकावर नवा माणूस होता. न्याहारीच्या टेबलावरूनच आश्लेषाने गंगव्वांना फोन लावला. वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीने त्यांना लांब कुठल्याशा गोदामावर पाठवलं होतं. त्या चिडल्या नव्हत्या. मुलांचं कौतुक झाल्याचं ऐकून सरी, सरी, बरं झालं म्हणाल्या, आणि मग हळूच एवढंच विचारलं की मी जागी होते, हे सगळ्यांना सांगितलं का?

आश्लेषाने फोनवर हात ठेवला. तिने शौर्यला प्रश्न सांगितला. तो अप्पांकडे बघत राहिला. अप्पा इडलीकडे बघत राहिले.

शौर्यने टेबलावरचा अप्पांचा फोन उचलला आणि ग्रुपवर लिहिलं, 'गंगव्वा अक्का जाग्या होत्या. ती तार माझ्या अप्पांनी निवडली होती. शौर्य.'

"हो अक्का, सांगितलं," आश्लेषा म्हणाली.

शौर्यने फोन अप्पांच्या ताटाशेजारी ठेवला आणि तो तिथंच उभा राहिला.