डाव्या चाकाचे वेढे

माझ्या बहिणीचे यजमान आत्माराम भावोजी खेड ते मंडणगड सर्व्हिस मोटार चालवीत. १९३३ च्या एप्रिलात कमळाअक्काचं पत्र आलं: ‘यांच्या मोटारीचं पोट वाजतं. तू सायन्स शिकलास, चार दिवस येऊन बघ. शनिवारी त्याच मोटारीतून आमचं वऱ्हाड जायचं आहे.’

पोट म्हणजे डिफरन्शियल. मागच्या दोन चाकांच्या मध्ये भोपळ्याएवढा लोखंडी गोळा असतो, तो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं आणि आतल्याला कमी. दोघांना आपापल्या गतीनं फिरू देणं हे त्या गोळ्यातल्या दात्यांचं काम. ते दाते अडकले तर मोटार वळायचं सोडून सरळच जाते. घाटात सरळ म्हणजे कुठं, ते सांगायला नको.

मुंबईच्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्यानं भावोजींना उलट विचारलं होतं, की पोट कुठल्या जातीचं आहे? मळसूत्री, सरळ दात्यांचं की तिरप्या दात्यांचं? आणि दात्यांचं प्रमाण किती? मोटार जुनी, दोनतीन मोटारींचे अवयव जोडून केलेली. कारखान्याची पाटी कधीच गळून पडली होती. जात ओळखायची तर मोजूनच.

बुधवारी सकाळी दहाला आम्ही कामाला लागलो. जगबुडी नदीच्या काठावर जांभ्या दगडाच्या भिंतींची लांबट शेड होती. ऊन दारापर्यंत आलं होतं, आणि आत तेलाचा आणि बाहेर पडलेल्या काजूच्या बोंडांचा आंबूस वास होता. मदतीला रावजी मिस्त्री होता. हा अंजनवेलचा, वीस वर्षं आगबोटीच्या इंजिनखोलीत काढलेला.

“या शास्त्रीबुवा,” भावोजी मला म्हणाले. “तुमच्या अक्कानं नवऱ्यापेक्षा भावावर भरवसा ठेवलाय. बघा आता नाडी.”

“नाडी कसली बघतायत,” रावजी पुटपुटला. “पोट हाय ते.”

मी पोटावरचं झाकण काढायला लावलं आणि बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं. दाते तिरपे होते. मोठ्या चक्राला चाळीस, लहानाला आठ. म्हणजे प्रमाण पाच. मधली चारही लहान चक्रं शाबूत. मी वहीत लिहून घेतलं. खरं तर काम इथंच संपलं होतं, पण एका रीतीनं काढलेलं उत्तर दुसऱ्या रीतीनं ताडून पाहायची मला सवय आहे.

दोन्ही मागची चाकं जॅकवर उचलली, मोटार गिअरमध्ये टाकली आणि मी डावं चाक हातानं पुढं फिरवलं. उजवं तेवढंच मागं फिरलं. चांगल्या डिफरन्शियलची हीच खूण.

“बघा, एक पुढं जातं, एक मागं,” मी रावजीला म्हटलं.

रावजी डाव्या चाकापासून लांब सरकला. “सरणाभवती फिरतात तसं,” तो म्हणाला. “उलटं.”

“मिस्त्री, तुमचं काहीतरीच,” भावोजी हसले.

मग प्रमाण ताडायचं. रीत सोपी आहे. एक चाक जमिनीवर टेकवून अडवायचं, दुसरं हवेत ठेवून बरोबर दोनदा फिरवायचं, आणि इंजिनाकडून येणारा दांडा किती वेढे घेतो ते मोजायचं. जितके वेढे, तितकं प्रमाण. आमचे पाच यायला हवेत. मोटार न्यूट्रलमध्ये घेतली. उजवं अडवून डावं फिरवलं. दांड्यानं पाच वेढे घेतले.

आता डावं अडवून उजवं. भावोजी फिरवत होते, मी खाली झोपून दांड्यावरची खडूची रेघ मोजत होतो.

दहा.

“भावोजी, चारदा फिरवलंत.”

“दोनदाच. मला दोनापर्यंत येतं मोजता.”

आम्ही जागा बदलल्या. मी फिरवलं, त्यांनी मोजलं. ते खालून म्हणाले, “दहा.” या वेळी त्यांच्या आवाजात हसू नव्हतं.

मी डाव्या चाकाच्या पुढंमागं दगड लावले, टायरवर आणि जमिनीवर मिळून एकच खडूची रेघ ओढली. पुन्हा मोजलं. दहा. रेघ तुटली नव्हती. चाक केसभरही हललं नव्हतं.

हिशेब मी तीनदा मांडला. पाच वेढे उजव्या चाकाचे. उरलेले पाच यायचे तर डाव्या चाकानंही दोनदा पुढं फिरायला हवं होतं. ते माझ्यासमोर दगडांत अडकून उभं होतं. तरी पोटातल्या दात्यांना वाटत होतं, की डावं चाक चाललं आहे.

मी वहीत पाचाशेजारी दहा लिहिलं.

“डावी बाजू धोंडूच्या मोटारीची,” रावजी दाराकडून म्हणाला. “तुमच्या भावोजीस्नी ठाव हाय.”

धोंडू कोण ते मी विचारलं. भावोजी पाना फडक्यानं पुसू लागले. रावजीच म्हणाला, “चार वर्सं झाली. मंडणगडच्या वाटेला कड्याचं वळण हाय, तिथनं मोटार खाली गेली. धोंडू चालवत व्हता. भरलेली मोटार. मी दोर धरून उतरलो. इंजिन बंद, सगळा चेंदामेंदा, कोण ओ देईना. आणि डावं चाक फिरत व्हतं.”

“पडल्यावर फिरतं थोडा वेळ,” मी म्हटलं.

“आमी पोचलो ते दोन तासांनी. आणि गरागरा नाय, शास्त्रीबुवा. चालत्या मोटारीचं फिरतं ना, बेतानं? तसं.”

“स्वस्तात मिळाला तो अख्खा भाग,” भावोजी खाली बघत म्हणाले. “तुमच्या अक्काला सांगू नका.”

मी त्यांना वऱ्हाड नेऊ नका म्हटलं. ते चिडले. बावीस माणसांना शब्द दिला होता. खडूच्या रेघेसाठी शब्द मोडायचा? अखेर ठरलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी मोटार त्या वळणापर्यंत न्यायची. ती नीट वळली तर शनिवारी वऱ्हाड जाणार.

गुरुवारी नऊ वाजता आम्ही वळणाअलीकडच्या सपाटीवर पोचलो. रस्त्यावर पिठासारखी तांबडी धूळ होती. मी उतरलो. भावोजींनी मोटार माणसाच्या चालीनं हाकायची आणि मी मागून चाकोऱ्या बघत यायचं, असं ठरलं होतं. चाक घसरलं किंवा अडलं तर धुळीत दिसतंच.

उजवी चाकोरी स्वच्छ होती. डावीही. पहिली दोनशे पावलं मला लाज वाटत होती.

मग डाव्या चाकोरीला कड फुटली.

आधी वाटलं, टायर फाकतो आहे. दहा पावलांवर ती कड वेगळी झाली. त्याच टायरची नक्षी, तेवढीच रुंदी. डाव्या चाकोरीच्या शेजारून तिसरी चाकोरी चालली होती. ती उठवणारं चाक माझ्यापुढं नव्हतं.

मोटार उजवीकडे वळू लागली. दोन्ही चाकोऱ्या तिच्यामागून वळल्या.

तिसरी वळली नाही.

ती सरळ गेली. रस्त्याच्या कडेच्या सुक्या गवतात शिरली. गवत माझ्या डोळ्यांदेखत आडवं होत गेलं.

मी ओरडलो. भावोजींनी मोटार थांबवली, खाली उतरले आणि त्या चाकोरीकडे पाहत राहिले. मी गुडघ्यांवर बसून खिशातली पट्टी काढली. मोजल्याशिवाय मला राहवेना. आमची चाकोरी धुळीत अर्धा इंच रुतली होती. तिसरी दीड इंच.

आमची मोटार रिकामी होती.

आम्ही तिथूनच माघारी फिरलो. शेडमध्ये भावोजींनी स्वतःच्या हातानं मागची दोन्ही चाकं काढली आणि पोटाचा गोळा सोडवून जमिनीवर ठेवला. अक्काला सांगितलं, की सुटा भाग मिळत नाही. ती रुसली. शनिवारी पहाटे वऱ्हाड बैलगाड्यांतून गेलं. भावोजी आणि मी खेडलाच राहिलो. त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही शेडच्या दारात बसून होतो. मोटार आत ठोकळ्यांवर होती. ते पानाला चुना लावत होते आणि लावलेलं पान खात नव्हते.

मंगळवारी अक्का परत आली, बैलगाडीनंच. पाय धुतले, डोक्यावरची धूळ झटकली आणि घुश्शातच भावोजींसमोर उभी राहिली.

“अहो, मोटार दुरुस्त झाली होती तर सांगायचं नाही?”

भावोजींनी मान वर केली.

“शनिवारी जाताना कड्याच्या वळणावर मागून आलात. गाडीवानांनी बैल बाजूला घेतले, वाट दिली तुम्हांला. मी एवढा हात केला, आणि तुम्ही नुसतं हसून पुढं गेलात?”

“कोण होतं मोटारीत, अक्का?” मी विचारलं.

“कोण कुठली माणसं, मी नाही ओळखलं. गच्च भरली होती.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “पण डावीकडची एक जागा रिकामी होती की. मला नसतं का घेता आलं?”