चार नंबरच्या खोलीतला दिवा

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलेली आहे.

मी टेस्टर आहे. तीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून पोट भरलं. एकदाच दिसून गायब झालेली गोष्ट मी कुणाला सांगत नाही. ती पुन्हा घडवून दाखवता आली, तरच सांगते.

ही मी पुन्हा पुन्हा घडवून पाहिली.

भुताच्या गोष्टी रात्री घडतात म्हणे. ही सकाळी दहाला घडली. मंगळवार, चार मार्च. फिनलंडमधल्या ओउलू शहराच्या एका उपनगरातली लायब्ररी, तिसरा मजला, चार नंबरची खोली.

खोली म्हणजे काय, तर एक टेबल, दोन खुर्च्या, काचेचं दार. खिडकी नाही. नाव नोंदवलं की तासभर फुकट मिळते. दिव्याला बटण नाही. माणूस हलला की तो आपोआप लागतो. आठ मिनिटं कुणी हललं नाही की विझतो.

आमची कंपनी ऑक्टोबरात बंद झाली. चाळीस जण एका दुपारी घरी. त्यातले आम्ही दोघं कुणालाच नको असलेले. मी सत्तावन्नची, इल्पो एकसष्टचा. तो प्रोग्रॅमर. दोघंही एकटेच राहणारे.

मग रोज सकाळी दहाला आम्ही चार नंबरमध्ये बसायचो आणि मुलाखतीतले प्रश्न एकमेकांना विचारायचो.

“बोला सिर्कूबाई,” तो मुद्दाम साहेबी आवाज काढायचा. “चूक किरकोळ, पण दुरुस्ती तातडीची. उदाहरण द्या.”

“पहिल्याच पानावर कंपनीचं नाव चुकीचं छापलंय.”

“आणि चूक मोठी, पण घाई नाही?”

“तू लिहिलेला कुठलाही प्रोग्रॅम. वापरतंय कोण?”

“अगं, मी चुका करतो म्हणून तुझी चूल पेटते. जरा उपकार मान!”

विचार करत गप्प बसलो की दिवा जायचा. मग इल्पो पोलिसांनी धरल्यासारखे दोन्ही हात वर करायचा आणि उजेड व्हायचा. मी हसायचे. दिवसभरात तेवढंच काय ते हसणं.

फेब्रुवारीत अंगणातला बर्फ उपसताना तो खाली पडला. उठलाच नाही. शेजाऱ्याच्या लक्षात यायला दुपार झाली. अंत्यविधीला आम्ही सहा जण होतो. कॉफी वीस जणांची केली होती.

दहा मार्चला माझी दूर दक्षिणेकडच्या तुर्कु शहरातल्या एका कंपनीत मुलाखत होती. त्याआधी अकरा ठिकाणांहून नकार आला होता. ही हुकली तर मला परत कुणी बोलावणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून चार तारखेला मी एकटीच त्या खोलीत जाऊन बसले.

कागदावरचा पहिला प्रश्न मोठ्याने वाचला. “प्रोग्रॅमर म्हणतो, माझ्या कॉम्प्युटरवर तर नीट चालतंय. तुम्ही काय कराल?”

डोळे मिटून उत्तर जुळवत बसले. बराच वेळ गेला. पापण्यांआड काळोख झाला. दिवा विझला होता.

आणि मग…

पुन्हा लागला.

मी हलले नव्हते.

मी काही दूधखुळी नाही. माझ्या श्वासाने कागद हलला असेल, म्हणून कागद पिशवीत टाकला. कोट खुर्चीवरून काढून बाहेर टांगला. हात मांडीखाली दाबून बसले. दिवा जाऊ दिला. प्रश्न विचारला. श्वास रोखला.

एक… दोन… तीन…

लागला.

दुसऱ्या दिवशी अंधारात एक बातमी पाठ म्हटली. अंधारच राहिला. हवामानाचा अंदाज म्हटला. अंधार. मग मुलाखतीचा प्रश्न विचारला…

उजेड.

“इल्पो?” मी म्हटलं.

काहीच नाही. समोरची खुर्ची रिकामी. बाहेर कुणीतरी पुस्तकांची गाडी ढकलत होतं.

भीती वाटली का? खरं सांगते, आनंद झाला. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यासोबत बसलं होतं. पुढचे दोन दिवस मी प्रश्न विचारले, उत्तरं दिली, अधूनमधून त्याला शिव्याही दिल्या.

दहा तारखेला तुर्कुत एका तरुण मुलीनं माझी मुलाखत घेतली. टेस्टरला असले प्रश्न नेहमीच विचारतात. पेन कसं तपासाल, लिफ्ट कशी तपासाल.

तिनं वर बघितलं. “ह्या खोलीतला दिवा आपोआप लागतो. तो कसा तपासाल?”

मीही वर बघितलं.

“एक माणूस आत पाठवीन,” मी म्हणाले. “मग दोन. हलणारे, न हलणारे. आणि सगळे जे विसरतात ते शेवटी. कुणी आलंच नाही तर काय होतं, ते बघेन.”

“वा!” ती म्हणाली.

दोन दिवसांत होकार आला. एकदाचं घोडं गंगेत न्हालं.

पण माझं उत्तर मलाच टोचायला लागलं. मी गेले नाही, तर चार नंबरमध्ये काय होतं? ते मी कुठे पाहिलं होतं?

तेरा तारखेला, गुरुवारी, खोली माझ्या नावावर होती. मी आत गेलेच नाही. समोरच्या बाकावर वर्तमानपत्र धरून बसले. काचेआड काळोख. दार बंद.

दहा वाजले.

दिवा लागला.

दार हललं नव्हतं. आत कुणी नव्हतं. दोन्ही खुर्च्या टेबलाला लागलेल्या.

आठ मिनिटांनी तो विझला… आणि लगेच लागला.

पुन्हा आठ मिनिटं. विझला… लागला.

असं तासभर चाललं. अकराला विझला, तो विझलाच.

मला वाटत होतं, मी प्रश्न विचारते म्हणून तो येतो. तसं नव्हतं. ठरल्या वेळी तो येतच होता आणि माझी वाट बघत बसत होता.

मी उठून आत जायला हवं होतं. दहा पावलांवर तर दार होतं. पण आता मात्र मी भ्यायले होते. शनिवारी सामान बांधलं आणि तुर्कु गाठलं. त्याला काहीच न सांगता.

मे महिन्यात एका सकाळी ऑफिसात फोन आला. लायब्ररीतल्या हेल्काबाईंचा.

“सिर्कूबाई, चार नंबरची खोली अजून तुमच्याच नावावर दिसतेय. रोज दहाची.”

“रद्द करायची राहूनच गेली. माफ करा.”

“ते होईल हो. पण तो दिवा… आधी तासभर असायचा. हल्ली आम्ही कुलूप लावेपर्यंत असतो. वीजवाला दोनदा बदलून गेला, तरी तेच. आत्ताही लागलाय, मी दाराशीच उभी आहे.” त्यांनी आवाज खाली आणला. “तुमचं कुणी येतं का हो इथे?”

माझ्या आजूबाजूला सगळे नवे सहकारी. तिशीतली पोरं. दोघं माझ्याकडेच बघत होते. नुकती कुठे मी त्यांच्यात मिसळायला लागले होते. वेडी म्हातारी ठरायचं नव्हतं मला.

“छे हो,” मी म्हणाले. “माझं कुणी नाही.”



“अगंबाई,” हेल्काबाई पुटपुटल्या. “गेला.”

त्यानंतर तो दिवा आपला आपण लागलेला नाही.

पुढच्या सोमवारी मी रजा टाकून ओउलूला गेले. दहाला चार नंबरमध्ये शिरले. दिवा लागला, पण तो माझ्या चालण्याने. मी बसले. प्रश्न विचारला. एक, मग दुसरा, मग तिसरा. आठ मिनिटांनी दिवा गेला.

“मी खोटं बोलले रे,” मी अंधारात म्हटलं. “माणसं होती आजूबाजूला. लाज वाटली मला.”

अंधारच.

अकरा वाजेपर्यंत मी तशीच बसून राहिले. मग उठले, तेव्हा उजेड झाला. मी उठले म्हणून.

नोकरी चांगली चाललीय. पोरं माझी थट्टा करतात, मीही त्यांची करते. पण एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

त्या सकाळी हेल्काबाईंनी फोन कानाला लावलेला होता. माझा आवाज त्या खोलीत जाणं शक्यच नव्हतं. मी साडेसहाशे किलोमीटर लांब होते. तरी त्यानं ऐकलं.

म्हणजे दिवा तिकडे लागलेला असला, तरी तो तेव्हा माझ्याजवळही होता. तुर्कुत, माझ्या टेबलाशी. कधीपासून येत होता, कुणास ठाऊक.

आणि मी त्याच्या तोंडावर म्हणाले, माझं कुणी नाही.