मागच्या खोलीला होकार

ज्याची सेवा करायची त्याला आधी विचारायचं, हे त्या वृद्धसेवा केंद्रात ताईंचं काम. उठवायचं कधी, पाणी गरम की कोमट, दिवा चालू की बंद, सगळं ज्याच्या त्याच्या मर्जीनं. घरचे काहीही म्हणोत, पलंगाशी बसून विचारल्याशिवाय ताई काही ठरवत नसत. पाठीमागे लोक त्यांना ‘प्रश्नबाई’ म्हणत आणि ताईंना ते मनातून आवडायचं.

रस्त्याकडच्या खोलीतल्या आत्यांची झटका आल्यापासून वाचा गेली होती. उजवी बाजू लुळी, मान वळत नाही, डाव्या हाताची बोटं तेवढी हलायची. डोकं मात्र शाबूत, असं डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. आत्यांना सदा थंडी वाजायची, म्हणून ताई ब्लँकेटखाली हात घालून त्यांचा हात धरत. एकदा दाबला तर हो, दोनदा दाबला तर नाही. ‘रस्त्याकडचा पडदा ओढू का?’ असं विचारल्यावर आत्यांनी असा काही नकार दाबला होता की ताईंना हसू फुटलं. ती खिडकी म्हणजे आता आत्यांचं सगळं जग होतं.

आणि त्यांचा भाचा म्हणाला, “ताई, आत्याला मागच्या खोलीत हलवा. दार लावलेलं असू दे. भेटायला कुणी नको.”

मागच्या खोलीला खिडकीच नव्हती. जुन्या गाद्या रचून ठेवायची ती जागा.

“हे कुणाचं म्हणणं? तुमचं की त्यांचं?”

“तिचंच. विचारून बघा.” भाचा फरशीकडे बघत होता.

ताईंनी ब्लँकेटखाली हात घातला. “आत्या, तुम्हाला मागच्या...”

वाक्य पुरं व्हायच्या आत दाब आला. एकदाच.

कुठेतरी पाणी मुरतंय, हे ताईंनी तेव्हाच ताडलं. पढवलेलं माणूसच एवढ्या घाईनं उत्तर देतं. आत्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, भाच्याची नजर काही वर येत नव्हती. ताईंना त्याचा भयंकर राग आला. त्यांनी त्याला बाहेर काढलं, दार लोटलं आणि पुन्हा हात धरला.

“तुम्हाला कुणी दम दिलाय का?”

दोनदा.

“भाच्याला लहानपणी तुम्हीच सांभाळलंत ना?”

दोनदा.

ताई चपापल्या. त्यांनीच सांभाळलं, हे तर आत्यांच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. तळवा ऊबदार होता. आत्यांचे ओठ मात्र थंडीनं थरथरत होते.

बाहेर भाचा भिंतीला टेकून उभा होता. ताईंनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. “काय शिकवलंत हो त्यांना?”

“मी?” त्याचा आवाज चिरकला. “मला ती इथंच हवीय, ताई. मी रोज हात धरून विचारतो, इथं बरं वाटतं का? नाही म्हणते. म्हणून एकेक खोली विचारत गेलो. मागची म्हटली, तर माझी बोटं मोडतील इतकं दाबलं.”

तो खोटं बोलत नव्हता. ताईंना उलट तो खोटारडा निघाला असता तर बरं वाटलं असतं.

दोघं आत आले. मधल्या वेळात व्यायाम करून घेणारी बाई येऊन गेली होती. आत्यांचा लुळा उजवा हात तिनं उशीवर ठेवला होता. ताईंनी नेहमीच्या जागी बसून ब्लँकेटखालचा हात धरला.

“आत्या, शेवटचं विचारते. मागच्या खोलीत जायचंय?”

एकदा. घट्ट.

तेवढ्यात हनुवटीपाशी ब्लँकेट हललं. आतून एक हात बाहेर आला. सुरकुतलेला, निळसर, थरथरणारा. आत्यांचा डावा हात. आज तो पहिल्यांदाच उचलला गेला होता आणि तो हवेत डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलत होता.

नाही. नाही. नाही.

भाचा “आत्या!” म्हणत पुढे झाला आणि त्यानं तो हात छातीशी धरला. “नाही ना? नाही जायचं ना तुला? नाही नेत, कुठंच नाही नेत.”

तो रडत होता. आत्याही रडत होत्या.

ताई हलल्या नाहीत. त्यांचा हात अजून ब्लँकेटखाली धरलेला होता.

“आत्या इथंच राहतील,” त्या कशाबशा म्हणाल्या. मग ब्लँकेटकडे बघत, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, “माझा हात सोडता का?”

दोनदा.