डेलियाची आरोळी

डेलिया वळणातून सुसाट बाहेर आली. रस्त्याच्या कडेला एक तरुण उभा... आणि हातातलं काहीतरी लांबुळकं थेट तिच्या मोटरसायकलवर रोखलेलं!

पोलीस!

तिनं करकचून ब्रेक दाबला, हेल्मेट काढलं आणि चेहऱ्यावर साऱ्या जगाचा भोळेपणा आणला. "साहेब, पन्नासच्या वर नव्हते हो... आईशप्पथ!"

"नव्वद असतील," तो हसला. "पण आवाज काय सुंदर आला! पुन्हा एकदा जाल का?"

हातात वेग मोजायचं यंत्र नव्हतंच. केसाळ कापडात गुंडाळलेला माइक होता.

"मला वाटलं, मेलेलं मांजर," डेलिया म्हणाली.

त्याचं नाव वेंडेल ओकुबो. डोंगरापलीकडे सॅन मटेओत एक कंपनी नवा व्हिडिओ गेम बनवत होती. मोटरसायकलींची शर्यत; पण शेजारच्याला लाथ घालून, साखळीनं झोडपून पुढे जायचं. त्यासाठीचे आवाज वेंडेल टेपवर गोळा करत होता.

"लाथा घालायच्या आणि वर जिंकायचं?" डेलियाचे डोळे चमकले. "आवाज द्यायला मी येणार!"

डेलिया सिल्वेरा इथल्याच हाफ मून बे गावच्या मच्छीमारांची पोर. तिचं स्वतःचं मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज होतं. आता रोज दुपारी ते बंद करून ती वेंडेलला मागे बसवायची आणि समुद्राकाठच्या रस्त्यावर सुसाट सुटायची. वेंडेलला वेगाची भयंकर भीती!

"अरे, जाकीट फाटेल माझं!"

"मी... माइक सांभाळतोय."

"माइक डाव्या हातात आहे. मी उजव्याचं विचारतेय!"

तो हात काही सुटला नाही.

मारामारीच्या आवाजांसाठी त्यांनी शेतातले सडके भोपळे आणले. डेलियानं बॅट उगारली... धप्प! वेंडेलच्या केसांत बिया उडाल्या. एक बी काढायला तिनं हात नेला आणि तो तिथेच क्षणभर रेंगाळला. दोघंही एकदम दुसरीकडे बघायला लागली.

शेवटी राहिली फक्त जिंकणाऱ्या स्वाराची आरोळी. कंपनीच्या रेकॉर्डिंगच्या बंद खोलीत काचेसमोर उभं राहून डेलियाच्या घशातून नुसतं चूं निघालं. म्हणून त्या शनिवारी वेंडेलनं तिच्या कॉलरला छोटा माइक चिकटवला.

"सोमवारपासून मी कामात बुडणार," तो म्हणाला. "इकडे यायला... काही कारणच उरणार नाही."

"मजा आहे तुझी," ती म्हणाली. आणि स्वतःच्याच जिभेवर चिडली.

धुकं विरलं होतं. खाली समुद्र लखलखत होता. तिनं रागानं गाडीचा ॲक्सिलरेटर पिळला. वारा शिट्या घालू लागला.

"ओरड!" वेंडेल मागून किंचाळला.

"काय ओरडू?"

"मनात येईल ते!"

आणि ते थेट बेंबीच्या देठापासून आलं. "वेंडेल ओकुबो, मला तू आवडतोस! कुठेही जायचं नाहीस तू!"

हेल्मेटच्या आत डेलियाचे कान पेटले. आता काय तोंड दाखवायचं...

मग त्याचा कापरा आवाज आला. "पुन्हा... पुन्हा एकदा म्हण. मधे ट्रकचा हॉर्न आला."

आता कसली लाज! ती दुप्पट जोरानं ओरडली. कड्यावरचे समुद्रपक्षी फडफडत उडाले. तेवढ्यात तिच्या हेल्मेटवर मागून त्याचं हेल्मेट हलकेच टेकलं... टक्!

तिनं गाडी बाजूला घेतली. "आली ना नीट टेपवर?"

"टेप तू पहिल्यांदा ओरडलीस तेव्हाच संपली होती."

"काय? मग दुसऱ्यांदा कशाला ओरडायला लावलंस?"

वेंडेल लालबुंद झाला. "पहिल्यांदा... विश्वासच बसला नाही गं. मी तर पहिल्या दिवसापासून हेच म्हणायला बघतोय."

"म्हणजे आरोळी राहिलीच की!"

"राहिलीच. उद्या यावं लागेल मला."

"आणि उद्याही बिघडली तर?"

"तर परवा," तो म्हणाला.

डेलियानं त्याची कॉलर धरून त्याला जवळ ओढलं. पुढचं काही बोलायला तिनं त्याला सवडच दिली नाही.