सुईखालचं लोखंड

सुई उडाली ती फुकीमुळे.

बालवाडी तापाच्या साथीमुळे दुपारीच सुटली होती आणि शेजारीण चार वर्षांच्या फुकीला दुकानाच्या दारात सोडून गेली होती. बर्फाचे बूट न काढताच ती लाकडी जमिनीवरून धाडधाड करत आईकडे धावली. कोपऱ्यातल्या टर्नटेबलवर सॅक्सोफोन अगदी हळुवार उतरत होता... तो मधले चार सूर ओलांडून भलतीकडेच जाऊन पडला. ऐकत बसलेल्या गिऱ्हाइकानं डोळे उघडले.

“माफ करा,” तोमोए म्हणाली. मग वाकून पुन्हा म्हणाली. मग फुकीला मागे ओढत तिसऱ्यांदा.

गिऱ्हाईक रागावलं नव्हतं. रुंद हातांचा, उजव्या भुवईचं टोक जळलेला तो माणूस वाकून जमिनीच्या फळ्या बघत होता.

“कुठून कुठपर्यंत पळालीस?” त्यानं फुकीला विचारलं. “पुन्हा एकदा पळून दाखव बरं.”

टोमणाच असणार, असं धरून तोमोएनं लेकीचा हात आणखी घट्ट आवळला.

त्याचं नाव इसोबे. मोरिओकात नदीपलीकडे त्याच्या घरची ओतशाळा होती, लोखंडी किटल्यांची. त्याला कार्ट्रिज हवं होतं. रेकॉर्डच्या खाचेतून सूर उचलणारी सुई जिच्यात बसते, ती अंगठ्याच्या पेराएवढी डबी. आणि म्हाताऱ्या शिमोदांच्या या दुकानात कार्ट्रिज निवडून, जुळवून, बसवून देणं हे तोमोएचं काम. हात स्थिर होता तिचा. मन मात्र कधीच नसायचं.

त्यानं लगेच निवडलं नाही. रोज दुपारी यायचा, टोपीवरचा बर्फ दाराबाहेर झटकायचा, एक कार्ट्रिज ऐकायचा आणि निघून जायचा. चौथ्या दिवशी त्याचं मन एका फार नाजूक कार्ट्रिजवर बसलं. तिनं मान हलवली. त्याच्या टर्नटेबलची सुई धरणारी दांडी जुनी, जड. जड दांडीला इतकी मऊ सुई दिली की ती डुलत राहते, तिला ताठ जोडीदार लागतो.

“हे तुम्ही बघूनच ओळखता?”

“वजन करते. बघून काही कळत नाही.”

“आणि माणसांचं?”

“माणसांचं माप मी घेत नाही, इसोबेसान.” तिनं हे फार पटकन म्हटलं... आणि पटकन म्हटलं हे त्याला कळलं, हेही तिला कळलं.

महिनाभरानं शेवटी तिनंच एक काढून दिलं, हातानं गुंडाळलेल्या तारेचं, जोरकस चुंबकाचं, ताठ सुईचं. दुकानातलं सगळ्यात महागडं. ते लावल्यावर सॅक्सोफोनच्या आधी वाजवणाऱ्यानं घेतलेला श्वास ऐकू आला. इसोबेनं तिच्याकडे पाहिलं. तिनं पेचकसाकडे.

पाच दिवसांनी तो ते परत घेऊन आला. घरी आवाज दबतो म्हणाला, कुणीतरी वर उशी ठेवल्यासारखा. तिनं तपासलं. ठणठणीत. दुकानात तोच श्वास, तेच सूर. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. पुन्हा ठणठणीत.

“कार्ट्रिज बिघडलंय की मालक बिघडलाय?” शिमोदा चष्म्यावरून बघत म्हणाले. “दोन महिन्यांत तू त्या शेल्फाकडे बघतेस त्याच्या दुप्पट दाराकडे बघतेस, तोमोए.”

तिला हसू आलं नाही. इसोबेनं सरळच सांगितलं होतं, तिसऱ्यांदाही जमलं नाही तर हे परत घ्या, आपण थांबू. म्हणजे त्याचं येणं संपणार. आणि ते बरंच की. वर्षभरापूर्वी असाच एक ओळखीचा माणूस घरी येऊ लागला होता. फुकीसाठी कागदाचे ससे करायचा. मग यायचा थांबला. फुकी रोज संध्याकाळी विचारायची, ते कधी येणार? सगळे ससे फाटले, तरी विचारायची. तेव्हापासून तोमोएनं ठरवून टाकलं होतं, मुलीला पुन्हा कुणाची वाट बघायला लावायची नाही.

बरंच की, असं म्हणत तिनं त्या आठवड्यात तीनदा भात करपवला. एका सकाळी फुकीला उलटे बूट घालून बालवाडीत पाठवलं. हात स्थिर असल्याचा तिला एकच अभिमान होता आणि आता तोही डळमळू लागला. आपणच कुठेतरी चुकीचं बसवतोय का?

शनिवारी ती स्वतःच फोन करून त्याच्या घरी निघाली. सुईचा भार मोजायचा छोटा वजनकाटा पिशवीत. फुकीला ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून फुकीही.

“हात लावायचा नाही. पळायचं नाही,” तिनं वाटेत चारदा बजावलं.

“लोखंडकाकांच्या घरीपण?”

“हे नाव कुणी ठेवलं?”

“मीच.”

कोणत्याही घरात शिरलं की तोमोएचे डोळे आधी एक फेरी मारून येत. शेगडी कुठे, जिना कुठे, खिडकीला कडी आहे ना. एकट्या पुरुषाचं घर, त्यात ओतशाळा लागून, ती भीतीनंच बघत होती. शेगडीभोवती कठडा होता. नवा. जिन्याच्या तोंडाशी आडवी फळी. आणि बुटक्या टेबलाचे चारही कोपरे जुन्या सुती कापडात गुंडाळून दोऱ्यानं बांधलेले...

तिनं एका कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

कामाचं बरं असतं, हातांना सांगावं लागत नाही. तिनं काटा रेकॉर्डखालच्या फिरत्या तबकावर ठेवला आणि सुई हळूच त्याच्यावर टेकवली. सुईवर दोन ग्रॅम भार ठेवायचा, असं तिनं दुकानात सांगितलं होतं. काटा पावणेतीन दाखवत होता. तिनं भार सारखा केला, पुन्हा टेकवली... आणि टेकवता टेकवता बोटांना जाणवलं. शेवटच्या अर्ध्या बोटाच्या अंतरात डबी स्वतःच खाली जात होती. कुणीतरी खालून बोलावल्यासारखी.

“हे तबक कशाचं आहे?”

“बिडाचं. मीच ओतलं. आधीचं हलकं होतं, ॲल्युमिनियमचं.”

“इसोबेसान.” तिला एकदम हसू फुटलं, दोन महिन्यांचं साठलेलं. “तुमच्या तीन पिढ्या लोखंडात गेल्या. कार्ट्रिजमध्ये चुंबक असतो. एवढा जोरकस चुंबक, त्याच्या खाली तुम्ही एवढं लोखंड ठेवलंत. ती सुई गाते कुठे, ती नुसती ओढली जातेय.”

तो तबकाकडे बघत राहिला. कान हळूहळू लाल झाले.

“वडिलांना सांगू नका,” तो म्हणाला.

“पण कशासाठी केलंत? आधीचं तबक चांगलं होतं.”

फुकी टेबलाच्या गुंडाळलेल्या कोपऱ्यावर गाल टेकवून दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

“त्या दिवशी ती पळाली आणि सुई उडाली,” इसोबे शेवटी म्हणाला. “तुम्ही तीनदा माफी मागितलीत. मी मोजलं. मला वाटलं... जड काहीतरी ओतलं तर उडणार नाही. म्हणजे तुम्ही दोघी कधी इथे आलात आणि कुणी पळालं, तरी तुम्हाला माफी मागावी लागणार नाही. मला जड करणं तेवढंच येतं, तोमोएसान.”

बाहेर छपरावरून बर्फाचा एक थर घसरून धप्पकन पडला. एरवी ती दचकली असती.

“म्हणजे तुम्ही तेव्हापासून—”

“तेव्हापासून.”

तिला खूप काही विचारायचं होतं. तुम्ही यायचे थांबाल का, हे तर सगळ्यात आधी. पण ते विचारण्यासारखं नव्हतं आणि कुणी खात्रीनं सांगण्यासारखंही नव्हतं. तिनं पुन्हा त्या कोपऱ्यांकडे पाहिलं. दोऱ्याच्या गाठी ओबडधोबड होत्या, एक सुटून पुन्हा बांधलेली.

“लोखंड फेकू नका,” ती म्हणाली. “फक्त वर नको. टर्नटेबलच्या खाली ठेवू. सुईपासून जरा लांब.”

दोघांनी मिळून ते जड तबक उचललं, खाली सरकवलं, वर टर्नटेबल ठेवून जुनं हलकं तबक बसवलं. उचलताना त्याचा अंगठा तिच्या मनगटावर आला. दोघांनीही तो तिथून काढायची घाई केली नाही... वजनच तेवढं होतं. काटा पुन्हा लावला. दोन ग्रॅम, बरोब्बर. सुई टेकली. आधी तो श्वास आला, मग सॅक्सोफोन.

जमलं होतं. म्हणजे आता पुन्हा यायचं कारण उरलं नव्हतं. ती मुलीकडे वळली.

“फुकी. पळ.”

फुकी हलली नाही. आईचं तोंड नीट बघून घेतलं. “खरंच?”

“खरंच. त्या भिंतीपर्यंत आणि परत.”

फुकी पळाली. फळ्या करकरल्या, सॅक्सोफोन वाजत राहिला. दुसऱ्यांदा पळाली, वाजत राहिला. तिसऱ्यांदा तिनं मध्येच दोन्ही पायांवर उडी मारली आणि सुई टुणकन पुढे जाऊन पडली.

तिघंही थिजली. फुकीचे खांदे कानांपर्यंत गेले. इसोबे तोमोएकडे बघत होता. आता ती वाकेल, आता म्हणेल. तोमोएचे ओठ सवयीनं उघडलेही.

“अजून नाही जमलं,” ती म्हणाली.

“नाही जमलं,” इसोबेनं गंभीरपणे कबूल केलं.

“आई, आपण इथे पुन्हा कधी यायचं?”

तोच प्रश्न. ज्याच्यासाठी तिनं वर्षभर दार लावून ठेवलं होतं. या वेळी तिनं इसोबेकडे उत्तरासाठी पाहिलं नाही. वाकून सुई उचलली, रेकॉर्डच्या सुरुवातीला नेऊन धरली.

“उद्या,” ती म्हणाली, आणि सुई सोडली.