पाय टेकवायला जागा

दुर्गजवळच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहाच्या बाजारापाशी, भर रस्त्यात, एक तरुण वर तोंड करून उभा होता. संघमित्राने स्कूटीचे दोन्ही ब्रेक दाबले. चाक त्याच्या चपलेपाशी येऊन थांबलं.

"ओ भाऊ, मरायचं हाये का?"

"भाऊ नका म्हणू… बाकी काही म्हणा." त्याने कारखान्याच्या चिमणीकडे बोट केलं. "धूर पाहून राहिलो. सरळ वर जाऊन राहिला. म्हणजे आज वारा झोपला हाये."

"आणि तुम्ही जागे हाये का?"

तो हसला. "आत्ता झालो."

त्याचं नाव प्रफुल. उत्तराखंडच्या डोंगरांत तो सहा जणांचं लहान विमान चालवायचा आणि सुट्टीत आईबाबांच्या क्वार्टरवर आला होता. संघमित्रा नेहरू नगरच्या कोचिंगमध्ये गणित शिकवायची. दुसऱ्या दिवशी तो तिथेच, पण रस्त्याच्या कडेला उभा दिसला.

"आज बाजूले हावो, मॅडम. बैठने देंगे क्या?"

तिने मागे सरकून त्याला जागा दिली… आणि मग रोजच दिली.

एकदा तिने विचारलं, "डोंगरात भीती नाई वाटत?" क्वार्टरांमधल्या एका अरुंद बोळात त्याने स्कूटी घातली आणि उतरून हँडल तिच्या हाती दिलं. दोन्हीकडे भिंती, पुढे कुणाच्या तरी परसाचं कुंपण.

"आता वळव."

"वळत नाई. पाय टेकवून मागं ढकलते."

"मले पाय टेकवता येत नाई, मित्रा. खोरं असंच आवळत जाते. वरून ढग उतरला, दुपारचा वारा खाली दाबू लागला, की विमान चढतही नाई अन् वळतही नाई. वळायचं ते बोळात शिरायच्या आधी."

ती हसली नाही. घरी आल्यावर तिच्या हाताला अजून त्या भिंती लागत होत्या.

चरोद्याला, रेल्वे कॉलनीला लागून असलेल्या घरात ती आणि तिचे बाबा, देवाजी, दोघंच राहत. देवाजी मालगाडीचे गार्ड म्हणून रिटायर झालेले. त्या घरातून कुणीही बाहेर पडलं, की दारातून एकच शब्द यायचा, "टायमावर ये." आई गेली तरी तो शब्द राहिला होता. प्रफुलबद्दल कळल्यावर ते एवढंच म्हणाले, "रविवारी चार वाजता आण. ज्याले टाइम पाळता येत नाई, त्याले माणूस काय पाळता येईल?"

प्रफुल तेव्हा ड्यूटीवर परतला होता. रविवारी सकाळी विमान खाली देहरादूनला आणायचं आणि तिथून प्रवासी विमानाने रायपूर गाठायचं, असं ठरलं. शनिवारी फोनवर ती म्हणाली, "उशीर झाला तर बाबा ऐकनार नाईत. काहीही करून ये."

"काहीही करून?"

"हो. काहीही करून."

रविवारी सकाळपासून त्याचा फोन लागेना. कंपनीच्या ऑफिसात कुणीतरी सांगितलं, "निकल तो गए हैं जी. ऊपर मौसम खराब है." चहाचं पाणी उकळून आटलं. तिने ते पुन्हा ठेवलं, पुन्हा आटलं. ती गच्चीवर गेली. दूर चिमणीचा धूर सरळ उभा होता, पण इथला धूर तिथलं काय सांगणार? तिला तो बोळ दिसत होता. भिंती जवळ येत होत्या, आणि तो पुढे जात होता… तिने सांगितलं होतं म्हणून.

चार वाजून गेले. देवाजींनी घड्याळ पाहिलं. "नाई आला तुझा पायलट."

"बाबा, मीच म्हटलं त्याले… काहीही करून ये म्हणून." तिचा आवाज फुटला. "तो शिरला असन त्या खोऱ्यात. माह्या शब्दासाठी शिरला असन."

देवाजींनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि उशीखाली सरकवलं.

दिवेलागणीला फोन वाजला.

"मित्रा… खोऱ्याच्या तोंडाशी ढग होता. मी परत फिरलो. वर नेटवर्कच नव्हतं. रागावलीस?"

तिने फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"तुझा शब्द कानात होता. एकदा वाटलं, घालू आत… निघून जाईन. पण हात आपोआप वळले. बाबांना काय सांगशील?"

"बाबा गेले खड्ड्यात!"

"इथंच हावो मी," देवाजी म्हणाले आणि त्यांनी फोन घेतला. "काय रे, सिग्नल लाल होता?"

"हो, काका."

"अन् थांबला?"

"थांबलो."

"मंग ठीक हाये. आता ट्रेननं ये. सावकाश ये."

फोन परत तिच्या हाती आला. ती हळूच म्हणाली, "माह्यं प्रेम हाये तुह्यावर. आधी सांगाले पायजे होतं… नको ते सांगून बसली."

लग्नानंतर पहिल्यांदा तो डोंगरात परत निघाला, तेव्हा तिघेही दुर्ग स्टेशनवर होते. गाडी हलली. देवाजी सवयीने म्हणाले, "टायमावर…" आणि थांबले.

संघमित्रा खिडकीबरोबर चालू लागली. भीती होतीच. तिने गज धरलेला त्याचा हात दाबला.

"उशिरा ये," ती म्हणाली. "ऐकलं? उशिरा ये."