थर्ड बेलची बी साइड

हेमांगी राऊत दिवसभर दुसऱ्यांचे श्वास कापायची. अंधेरीतल्या एका डबिंग स्टुडिओत बसून मालिकांचे आवाज साफ करायचे, वाक्याआधी घेतलेला श्वास, ओठांची चुळबुळ, खुर्चीची कुरकुर, सगळं काढून टाकायचं, हे तिचं एकोणीस वर्षांचं काम. संध्याकाळी वसईला उतरून एव्हरशाईन सिटीतल्या आपल्या इमारतीचे तीन जिने चढताना स्वतःचा श्वासही तिला नकोसा व्हायचा. इमारतीला लिफ्ट नव्हती.

घरी वडील असत. शत्रुघ्न राऊत मूळचे जूचंद्रचे, पाणीखात्यात व्हॉल्व्हमन होते, ठरल्या वेळी पाणी सोडायचे. दोन वर्षांपासून त्यांच्या डोक्यातला काळ विस्कटला होता. "पान्याची वेल झाली," म्हणत ते दोनदा घराबाहेर पडले होते, आणि एकदा तर पार गोखिवऱ्याच्या नाक्यावर सापडले होते. सकाळी नऊ ते सहा त्यांच्याजवळ बायजाताई असायची, नात्यातलीच, विधवा. ती गेल्यावर हेमांगी येईपर्यंतचा अर्धा तास वडील एकटे असत, दाराला बाहेरून कुलूप. त्या अर्ध्या तासाचं तिच्या मनावर ओझं होतं, पण दुसरा इलाज नव्हता.

तिचा स्वतःचा म्हणावा असा वेळ रविवारी सकाळी, बायजाताई असताना, दोन-तीन तास मिळायचा. त्यात ती वसईची जुनी गाणी गोळा करायची. पुस्तकात येतात ती नव्हे. हळदीत वाजणाऱ्या बेंजो पार्ट्या, सणाच्या मिरवणुकीतले ब्रास बँड, कुणीतरी घरच्या टेपवर भरून शंभरेक प्रती काढलेल्या कॅसेटी. कुठल्या दुकानात त्या विकल्या गेल्या नाहीत, की त्यांच्याबद्दल कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत. हेमांगी त्या कॉम्प्युटरवर उतरवायची आणि इंटरनेटवरच्या एका साध्या पानावर ठेवायची. ऐकणारे वीस-पंचवीस लोक होते. तेवढे तिला पुरत.

डिसेंबरात पापडीचं एक रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद झालं. मालकाने कॅसेटींचं खोकं तिला देऊन टाकलं. त्यात एका कॅसेटवर निळ्या स्केचपेनने लिहिलेलं होतं : "द थर्ड बेल. मे १९९४. ॲन्सेल्मच्या वाडीत, पंपघर." खाली बँडमधली चार नावं होती. गिटार ॲन्सेल्म, बास स्टॅनी, ड्रम ॲलिस्टर, आवाज फ्लॉईड.

तिने ती लावली आणि खुर्चीत सरळ होऊन बसली. त्या काळी वसईतली ख्रिस्ती पोरं इंग्रजी गाणी वाजवत, किंवा लग्नात जे मागतील ते. ही चौघं मात्र घरातल्या बोलीत ओरडत होती, आजी जिच्यात कोंबड्यांना हाका मारते त्या बोलीत. गिटार गावच्या सणाच्या कर्ण्यातून वाजवली असावी. ती पत्र्यासारखी फाटत होती. फ्लॉईडच्या आवाजाला ना तालीम होती ना भीड. कितीतरी महिन्यांनी हेमांगीने एखादी गोष्ट कंटाळा न येता दोनदा ऐकली.

दुसऱ्यांदा ऐकताना तिला ते जाणवलं. ड्रमचा पहिला ठोका पडायच्या आधी त्याच ठोक्याची पुसट सावली ऐकू येत होती. हे तिला नवं नव्हतं. टेप वर्षानुवर्षं गुंडाळून राहिली की एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो, आणि गाण्याआधी त्याच गाण्याचं भूत ऐकू येतं. असं तिने शेकडो वेळा पुसलेलं होतं. पण वेढा जसा लहान-मोठा, तसं ते अंतर बदलायला हवं. तिने मोजलं. कॅसेटच्या सुरुवातीला दोन सेकंद, मध्यावर दोन सेकंद, शेवटीही दोनच.

बी साइड संपल्यावर थोडी शांतता होती. मग कुणीतरी मराठीत बोललं. दमलेला आवाज.

"फ्लॉईड, ऊठ. माझे हात ओले आहेत रे. ऊठ."

त्यानंतर टेपची खरखर, बस.

ॲन्सेल्मला शोधायला वेळ लागला नाही. रेडिओवाल्याने भुईगाव सांगितलं, आणि तिथे विचारलं तर तिसऱ्याच घरी पत्ता मिळाला. पन्नाशी उलटलेला, सडपातळ माणूस. मोगरा आणि दुधीभोपळा लावायचा. खांद्यावर पंचा होता, आणि बोलता बोलता तो त्याने हात पुसायचा. हात कोरडे होते तरी.

"कॅसेट सापडली म्हणता," तो म्हणाला. "मला वाटलं, सगळ्या जाळल्या आम्ही."

"तुमचं काम फार चांगलं आहे. लोकांना ऐकवायचं आहे मला. तुमची हरकत नसेल तर."

त्याने पंच्याने पुन्हा हात पुसले. मग त्याने तिला वाडीत मागे नेलं. तिथे पूर्वी बावखल होतं, वाडीला पाणी पुरवणारं जुनं तळं. आता तिथे जमीन सपाट होती, वर केळी लावलेल्या. कडेला पंपघर तेवढं उरलं होतं. दहा बाय आठची खोली, मंगलोरी कौलं, दाराला गंजलेलं कुलूप.

"वीज फक्त इथे होती, म्हणून इथे वाजवायचो," ॲन्सेल्म म्हणाला. "घरी पप्पा ओरडायचे. रेकॉर्डिंग झालं त्याच दुपारी आम्ही टेप ऐकली. शेवटी माझा आवाज. आम्ही हसलो. सगळे म्हणाले, ॲन्सेल्मने मस्करी केली. मी तसं काही बोललोच नव्हतो, मॅडम."

"मग?"

"चोवीस दिवसांनी पंप बंद पडला. फ्लॉईड बघायला गेला. मी पाण्यात उभा होतो, पाइप धरून. त्याला करंट लागला तो इथे, या दारात." त्याने पंचा हातांभोवती गुंडाळला. "स्विच समोर होता. पण माझे हात ओले होते, बंद करायला धजलो नाही. मी तेच बोललो. जसंच्या तसं. बोलताना मला कळलं, हे मी आधी ऐकलंय."

हेमांगीला त्याची दया आली. पण तिला वाटलं, दुःखात माणूस मागचं-पुढचं असं जोडून घेतो. टेपवरचं ते वाक्य नंतर कुणीतरी भरलं असेल, कदाचित यानेच, आणि विसरला असेल. वडिलांमुळे तिला ठाऊक होतं, माणसाचं डोकं काय काय करू शकतं.

"मला आत पाच मिनिटं रेकॉर्डिंग करू द्याल?" तिने विचारलं. "नुसता खोलीचा आवाज. टेपमध्ये दोष आहे की खोलीत, ते कळेल."

ॲन्सेल्मने किल्ली आणली, पण लगेच दिली नाही.

"टाळी वाजवा हवी तर. पण आत बोलू नका, बाय. एक शब्दसुद्धा नको."

ती बोलली नाही. सकाळचे साडेदहा वाजले होते. कौलांच्या फटींतून ऊन येत होतं, आणि खोलीला ओल्या मातीचा आणि जुन्या ग्रीसचा वास होता. तिने रेकॉर्डर एका विटेवर ठेवला, पाच टाळ्या वाजवल्या, आणि मग दोन मिनिटं गप्प उभी राहिली, खोलीचा आवाज घेताना ती नेहमी राहते तशी. बाहेर कुणीतरी केळीची पानं कापत होतं. बाकी काही नव्हतं. तरी बाहेर पडल्यावर तिला वाटलं, आत असताना आपण कुणाचं तरी बोलणं अर्ध्यावर तोडलं.

"बोललात?" ॲन्सेल्मने विचारलं.

"नाही."

त्याने कुलूप लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं.

दुपारी वडील जेवून झोपल्यावर तिने हेडफोन लावले. या रेकॉर्डिंगमध्ये टेप नव्हती, वेढे नव्हते, एकावर एक उमटायला काहीच नव्हतं. पहिली टाळी आली. तिच्या आधी, दोन सेकंद आधी, तीच टाळी पुसट. पाचही टाळ्यांचं तसंच.

मग दोन मिनिटांची शांतता. पानं कापल्याचा आवाज. आणि शेवटच्या दहा सेकंदांत बाई बोलली.

"दार उघडं होतं. मी आले तेव्हा उघडंच होतं."

हेमांगीने तो तुकडा अकरा वेळा ऐकला. स्वतःचा आवाज लोकांना ओळखू येत नाही म्हणतात, पण तिला येत होता. 'तेव्हा'तला तो किंचित अडखळलेला 'ते' तिचाच होता. धाप लागलेली होती, जिना चढल्यावर लागते तशी. आणि आवाज पंपघरातला नव्हता. शब्दांच्या मागे उंच, अरुंद, फरशीची जागा होती. कुठली, ते शोधायला तिला घराबाहेरही जावं लागलं नाही. तिने दार उघडून जिन्यात एक टाळी वाजवली.

संध्याकाळी तिने ॲन्सेल्मला फोन केला. तिने तो तुकडा फोनवर ऐकवला; त्याने पुन्हा लावायला सांगितलं नाही.

"घरी कोण असतं तुमच्या?"

"वडील. बाहेर निघून जातात कधी कधी."

"मग कुलूप चांगलं बघा," तो म्हणाला. मग म्हणाला, "तुम्हाला निदान माहीत आहे."

"माहीत असून काय करू?"

"ते मला विचारू नका, बाय. मला माहीत नव्हतं, तरी मी तीस वर्षं हात पुसतोय."

दुसऱ्या दिवशी तिने दाराला नवं कुलूप बसवून घेतलं. आतून किल्लीशिवाय न उघडणारं. तीन किल्ल्या होत्या, एक तिच्याकडे, एक बायजाताईकडे, एक शेजारी. तिने स्टुडिओत सुटी मागितली. आठ दिवसांची मिळाली, मग घरून काम, मग पुन्हा रजा, बिनपगारी. बायजाताईला काही सांगितलं नाही.

"एवढी का घाबरतेस?" बायजाताई म्हणाली. "तात्या जाऊन जाऊन कुठे जातील? मी आहे ना."

हेमांगी दिवस मोजत होती. वडील टीव्ही बघत. ती टीव्ही बघणाऱ्या वडिलांना बघे. आंघोळीला जाताना ती न्हाणीघराचं दार लोटून ठेवायची. जिन्यात कुणी चढलं की पावलं मोजायची. ते वाक्य चुकूनही तोंडून निघू नये म्हणून ती 'दार' हा शब्दच टाळू लागली. बायजाताईला म्हणायची, "ते लावून घे."

चोविसावा दिवस बुधवारी आला. वडिलांनी दोन चपात्या खाल्ल्या, वर्तमानपत्र उलटं धरून वाचलं, आणि झोपले. पंचविसाव्या दिवशी काही झालं नाही. सव्विसाव्याही नाही. हेमांगी इतकी थकली होती की तिला आनंद झाला नाही, नुसती गाढ झोप लागली. सकाळी उठल्यावर तिने पंपघराचं रेकॉर्डिंग पुसून टाकलं. थर्ड बेलची गाणी आपल्या पानावर ठेवली. बी साइड मात्र शेवटच्या गाण्याशी थांबवली.

एकतिसाव्या दिवशी ती कामावर गेली.

संध्याकाळी साडेसहाला जिना चढून वर आली, तर दार बंद होतं. कुलूप होतं. तिने हात लावून पाहिलं, मग किल्ली फिरवली. दोन वेळा फिरली, फिरायला हवी तशी.

आत दिवा लागलेला होता. वडील सोफ्यावर बसले होते, टीव्ही बंद. बायजाताईने त्यांचे केस विंचरून दिले होते. हेमांगीने पिशवी खाली ठेवली. चपला काढायला वाकली.

"मंग उघरला कोनी?" वडिलांनी विचारलं.

ती वाकलेलीच राहिली.

ती काहीच बोलली नव्हती. ते वाक्य तिने महिनाभरात कुणासमोर उच्चारलं नव्हतं. पण त्या वाक्यापुढे हाच प्रश्न येणार होता, तेवढं तिला समजलं. आणि तो वडील विचारणार होते. म्हणजे तेव्हा ते इथेच असणार होते, धड, बोलते. त्यांना काही होणार नव्हतं. ती भिंतीला टेकली आणि खूप दिवसांनी तिला रडू आलं.

मग तिने वर पाहिलं.

वडील तिच्याकडे बघत नव्हते. प्रश्न तिला नव्हता, ते वाक्य आधीच बोललेल्या कुणाला तरी होता. त्यांचं तोंड आतल्या खोलीकडे होतं. मान थोडी कलती करून ते ऐकत होते, मध्ये न बोलता, कुणी काही समजावून सांगतंय तसं.

"बरां," ते म्हणाले.

आणि सोफ्यावर थोडे बाजूला सरकले, आणखी एकाला बसता येईल एवढे.